अतिप्रवाही हेलियममधील भोवऱ्यांचा माग

पाण्याच्या संक्षुब्ध प्रवाहात लहानमोठ्या, कमीअधिक जोराच्या भोवऱ्यांची गर्दी असते आणि श्यानतेमुळे, म्हणजे द्रवाच्या अंतर्गत घर्षणामुळे, ते अखेर विरतात. द्रव हेलियम मात्र २.१७ केल्विनच्या, म्हणजे सुमारे उणे २७१ अंश सेल्सिअसच्या, खाली गेले की त्याचा एक भाग अतिप्रवाही होतो आणि त्या भागाला श्यानता उरत नाही. त्यातील प्रत्येक भोवऱ्याचे बळ प्लँकचा स्थिरांक (पुंज भौतिकीतील एक मूलभूत संख्या) भागिले हेलियम अणूचे वस्तुमान एवढेच असते, हे भौतिकशास्त्रज्ञ ऑन्सागर आणि फाइनमन यांनी १९४९ ते १९५५ या काळात मांडले. येथील संक्षोभ, म्हणजे पुंजीय (क्वांटम) संक्षोभ, हा अशा एकसारख्या भोवरा-रेषांचा, म्हणजे दोऱ्यासारख्या लांब, बारीक भोवऱ्यांचा, गुंता होय.

केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्रज्ञ जो व्हिनेन यांनी १९५७ च्या सुमारास हा गुंता अप्रत्यक्षपणे मोजला. अतिप्रवाही हेलियममधून उष्णता लाटेसारखी जाते. या लाटेला ‘दुसरा ध्वनी’ म्हणतात. भोवऱ्यांमुळे ती जेवढी क्षीण होते, त्यावरून रेषांची एकूण लांबी काढता येते. पद्धत आजही भरवशाची आहे, पण एकही रेषा तीत दिसत नाही.

ती दिसली २००६ मध्ये, मेरिलँड विद्यापीठात. ग्रेगरी ब्यूली, डॅनिएल लॅथ्रॉप आणि के. आर. श्रीनिवासन यांनी हेलियम वायूत किंचित हायड्रोजन मिसळून ते मिश्रण २.१७ केल्विनहून थोड्या उबदार द्रव हेलियममध्ये सोडले. हायड्रोजन तत्क्षणी गोठून त्याचे मायक्रोमीटरभराचे कण झाले आणि लेसरच्या पातळ पडद्यात ते विखुरलेले चमकू लागले. तापमान उतरवताच त्यांतील काही कण भोवऱ्यांच्या गाभ्यांत अडकून रेषेत ओवले गेले. पुढे २००८ मध्ये याच तंत्राने दोन रेषा एकमेकींना भिडून, तुटून, टोकांची अदलाबदल करून वेगाने दूर फेकल्या जाताना टिपता आल्या. साध्या संक्षोभात वेगांचे वितरण घंटेच्या आकाराचे असते. येथे मात्र अतिवेगवान कण त्या मानाने कितीतरी अधिक आढळले, आणि माझ्या मते साध्या व पुंजीय संक्षोभातला सर्वांत बोलका फरक हाच आहे.

अडचण कणांचीच आहे. भोवऱ्याचा गाभा नॅनोमीटरच्या दशांशाएवढा, तर कण त्याच्या सुमारे दहा हजारपट रुंद. तो रेषेवर बसला की तिची चालही बदलू शकते. शिवाय एक केल्विनच्या बरेच खाली श्यानता जवळजवळ नसताना ऊर्जा रेषांवरील अतिसूक्ष्म लहरींवाटे ध्वनीत जात असावी असे मानले जाते, आणि एवढ्या बारीक लहरी असल्या कणांच्या आवाक्याबाहेर राहतात.