खाद्यभ्रमंती (शहरी)

एखाद्या शहरात थोड्या मुक्कामासाठी, बहुधा एक ते तीन दिवसांसाठी, जाऊन तेथील रस्त्यावरचे पदार्थ चाखण्याचा आणि उपाहारगृहे धुंडाळण्याचा प्रघात. प्रवासात खाणे अटळच असते. खाद्यभ्रमंतीत ते प्रवासाचा हेतू, निदान अनेक हेतूंपैकी एक ठळक हेतू बनते. ‘खाद्यपर्यटन’ ही संज्ञा अधिक व्यापक असून तीत द्राक्षमळ्यांच्या भेटी, शेतावरचा मुक्काम, पाककलेचे वर्ग आणि खाद्यमहोत्सव यांचाही समावेश होतो. प्रस्तुत नोंद शहरापुरती आणि थोड्या मुक्कामापुरती आहे.

संज्ञा : या विषयाची शास्त्रीय मांडणी अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक लूसी लाँग यांनी १९९८ मध्ये केली, असे सामान्यतः मानतात. त्यांच्या मते दुसऱ्याच्या खाद्यव्यवस्थेत कुतूहलापोटी आणि जाणीवपूर्वक सहभागी होणे हे याचे मुख्य लक्षण होय. हे ‘दुसरेपण’ प्रदेशाचेच असावे असे नाही. ते धर्माचे, वर्गाचे किंवा काळाचेही असू शकते. त्यामुळे स्वतःच्याच शहरातील अनोळखी मोहल्ल्यात जेवणारा माणूसही या व्याख्येत बसतो. पुढे २००३ मध्ये हॉल आणि शार्पल्स या पर्यटन-अभ्यासकांनी व्याख्या आवळली व अन्न हीच प्रवासाची प्रमुख प्रेरणा असली पाहिजे, अशी अट घातली. मोजमापाला ही अट सोयीची आहे. परंतु दोन दिवसांच्या सहलीत कामकाज, नातलग, देवदर्शन आणि खाणे यांची सरमिसळ असते. तेथे लाँग यांची सैल व्याख्याच अधिक लागू पडते.

उगम : परक्या माणसाला शहरात हव्या त्या वेळी तयार अन्न विकत मिळणे, ही या प्रघाताची पूर्वअट. ती प्रथम कोठे पुरी झाली याविषयी एकमत नाही.

पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात ओट्यात मोठे रांजण बसवलेली अनेक दुकाने सापडली असून त्यांना ‘थर्मोपोलियम’ म्हणण्याची प्रथा आहे. हा शब्द लॅटिन साहित्यात विरळा आढळतो. रोमन लोक अशा जागांना बहुधा ‘पोपिना’ किंवा ‘कौपोना’ म्हणत. रांजणांत गरम कालवणे असत, ही समजूत लोकप्रिय असली तरी सच्छिद्र मातीचे, ओट्यात पक्के बसवलेले भांडे धुणे अवघड असते. म्हणून काही अभ्यासकांनी त्यांत सुका जिन्नस असावा, असे सुचवले आहे. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका दुकानाच्या उत्खननात बदक, डुक्कर, शेळी, मासे आणि गोगलगायी यांचे अवशेष मिळाले, त्यामुळे हा वाद निदान त्या दुकानापुरता शिजवलेल्या अन्नाच्या बाजूला झुकतो. मात्र ही दुकाने मुख्यतः स्थानिकांसाठी असावीत. चव पाहण्यासाठी कोणी पाँपेईला जात असे, असे त्यांवरून म्हणता येत नाही.

लंडनविषयी विल्यम फिट्झस्टीफनने (सु. ११७४) केलेले वर्णन अधिक स्पष्ट आहे. टेम्स नदीकाठच्या सार्वजनिक भटारखान्यात दिवसा वा रात्री कोणत्याही प्रहरी कितीही परके लोक शहरात आले, तरी त्यांना फार काळ उपाशी राहावे लागत नाही, असे तो सांगतो. हे वर्णन जन्मगावाच्या स्तुतीचे आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

चीनमधील पुरावा सर्वांत भक्कम दिसतो. सुंग राजवटीची राजधानी काइफंग हिच्या आठवणी मंग युआनलाओ याने ११४७ मध्ये लिहून पुऱ्या केल्या. त्यांत रात्रबाजार, फिरते विक्रेते आणि पदार्थ तोंडाने पुकारून मागणी घेणारे वाढपी यांची तपशीलवार वर्णने आहेत. तेथे आणि नंतरच्या राजधानीत, म्हणजे आजच्या हांगजोत, दक्षिणी, उत्तरी व सच्वानी अशी प्रांतवार भोजनगृहे होती. गंमत अशी की, ही विविधता नवी चव शोधणाऱ्यांसाठी निर्माण झाली नसावी. दूरच्या प्रांतांतून आलेल्या अधिकाऱ्यांना व व्यापाऱ्यांना आपापले ओळखीचे जेवण हवे होते, आणि शेजारच्याने ते चाखणे हा त्याचा आनुषंगिक परिणाम.

पाश्चात्त्य उपाहारगृहाच्या जन्माची कथा बराच काळ पुढीलप्रमाणे सांगितली जाई : १७६५ मध्ये पॅरिसच्या बुलांझे नावाच्या सूपविक्रेत्याने पांढऱ्या रश्श्यातील मेंढीचे पाय विकले, शिजवलेले मांस विकण्याचा हक्क असलेल्या स्वयंपाक्यांच्या संघाने त्याच्यावर दावा लावला आणि त्यात बुलांझे जिंकला. ही कथा १७८२ च्या सुमारास छापील स्वरूपात आली आणि पुढे कोशांतून कोशांत उतरत राहिली. रिबेका स्पँग या इतिहासकार विदुषीने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशा खटल्याचा पुरावा दप्तरांत आढळत नसल्याचे दाखवले. त्यांच्या मते हा मान मातुरँ रोझ द शांत्वाझो याच्याकडे जातो. त्याने १७६६ च्या सुमारास आपले दालन उघडले. ‘रेस्टॉरंट’ या शब्दाचा तेव्हाचा अर्थ शक्ती भरून आणणारा मांसाचा अर्क असा होता, जागा असा नव्हता. १७८९ च्या क्रांतीनंतर सरदारांचे बेकार आचारी रस्त्यावर आले आणि त्यातून उपाहारगृहे जन्मली, हे मतही आता तसेच स्वीकारता येत नाही. बोव्हिलिएरसारख्यांची नामांकित गृहे त्याआधीच चालू होती. क्रांतीने त्यांच्या संख्येला चालना दिली, इतके म्हणणे सुरक्षित ठरेल.

याआधी पॅरिसमध्ये येणाऱ्या प्रवाशाला खाणावळीच्या सामायिक मेजावर ठरावीक वेळी, ठरावीक पैशात, समोर येईल ते खावे लागे. चांगले तुकडे रोजचे गिऱ्हाईक आधीच उचलत. फ्रेंच विचारवंत दिदरो याने १७६७ मधील एका पत्रात अशा नव्या उपाहारगृहाची तारीफ करताना दर थोडे चढे असल्याचे नोंदवले, पण हव्या त्या वेळी वाढतात हेही आवर्जून सांगितले. स्वतंत्र मेज, दरपत्रक आणि वेळेची मोकळीक या तिन्हींमुळे परका माणूस स्थानिकाच्या बरोबरीला आला. थोड्या मुक्कामाच्या दृष्टीने यांतील तिसरी गोष्ट निर्णायक होय.

मार्गदर्शिका : रोझ याने १७६९ मध्ये पॅरिसमधील व्यावसायिकांची निर्देशिका काढली आणि तीत स्वतःच्या दालनाचीही नोंद केली. हितसंबंधांचा हा प्रश्न या वाङ्मयाला जन्मापासून चिकटलेला आहे. ग्रिमो द ला रेनिएर या फ्रेंच खाद्यलेखकाच्या वार्षिकात (१८०३–१२) पॅरिसच्या पेठांतून दुकानागणिक नेणारी ‘पौष्टिक सफर’ होती. आजच्या खाद्यफेरीचा तो बहुधा सर्वांत जुना छापील नमुना असावा. दुकानदार त्याच्या परीक्षक-मंडळाकडे पदार्थ फुकट पाठवत आणि त्यावरून तेव्हाही बरीच कुजबुज झाली.

टायर बनविणाऱ्या मिशेलिन कंपनीची मार्गदर्शिका १९०० मध्ये मोटारचालकांसाठी निघाली. १९२६ मध्ये तिने तारांकन सुरू केले, १९३१ मध्ये दोन व तीन तारे आले. ताऱ्यांचे अर्थ प्रवासाच्या भाषेतच आहेत : दोन तारे म्हणजे वाट वाकडी करण्याजोगे, तीन म्हणजे खास प्रवास करण्याजोगे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांपर्यंत ती उशिरा पोहोचली. २०१६ मध्ये सिंगापूरमधील दोन गाळ्यांना प्रत्येकी एक तारा मिळाला. मुक्काम थोडा असला की चुकीच्या निवडीची भरपाई करायला जेवणे उरत नाहीत. त्यामुळे अल्पकाळचा प्रवासी अशा याद्यांवर अधिक विसंबतो आणि ठरावीक ठिकाणांसमोरच रांगा वाढतात.

रस्त्यावरील अन्न : जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९८६ च्या योग्यकर्ता (इंडोनेशिया) येथील कार्यशाळेत याची प्रचलित व्याख्या ठरली : विक्रेत्यांनी मुख्यतः रस्त्यावर व तत्सम सार्वजनिक जागी तयार केलेले किंवा विकलेले, लगेच खाता येण्याजोगे अन्न व पेय. त्याच वर्षी सिंगापूरने आपल्या फेरीवाल्यांना बांधीव केंद्रांत हलविण्याचे काम पूर्ण केले. त्या केंद्रांभोवतीची संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. इतिहासात मात्र फेरीवाल्याचा माग प्रामुख्याने मनाई-हुकमांत व दंडाच्या नोंदींत लागतो, आणि त्यांत पदार्थाची चव नसते.

चाखण्याची प्रक्रिया : एकच पदार्थ खात राहिल्याने त्या पदार्थाची गोडी घटते, इतरांची तितकी घटत नाही. बार्बारा रोल्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या विशिष्ट-तृप्तीचे प्रयोग मांडले. एका दिवसात सहा-सात ठिकाणी थोडे थोडे खाणे यामुळेच जमते, आणि त्यामुळेच पोटाचा अंदाजही चुकतो. खारट, आंबट, गोड असा पालट ठेवणाऱ्या फेऱ्या लांबतात हे त्याच नियमाचे व्यावहारिक रूप. दुसरीकडे, अनोळखी अन्नाची ओढ व भीती एकाच वेळी असते. कोहेन व अविएली यांनी २००४ मध्ये अन्न हे पर्यटनातील आकर्षण आहे तसाच अडथळाही आहे, असे प्रतिपादन केले. परक्यांसाठी सौम्य केलेले पदार्थ, भाषांतरित दरपत्रके आणि वाटाडे ही या अडथळ्यावरची मधली पायरी. तिला ‘अस्सलपणा’चा भंग ठरविणारे लेखन विपुल आहे, हांगजोतील भोजनगृहांचा दाखला पाहता तो युक्तिवाद फार ताणू नये.

आरोग्य : शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश से. तापमानात राहिले की जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून समोर कढत शिजवून लगेच दिलेला पदार्थ, गाड्यावरचा असला तरी, तासन्‌तास मांडून ठेवलेल्या थाळीपेक्षा सुरक्षित असू शकतो. प्रवाशांच्या अतिसारात विष तयार करणाऱ्या ई. कोलाय जंतूंचा वाटा मोठा आहे. ‘उकळा, शिजवा, सोला, नाहीतर सोडा’ हा सल्ला पाळणारे कमी आजारी पडतात, असे अभ्यासांत स्पष्टपणे दिसलेले नाही. स्वयंपाकघराची स्वच्छता आणि स्वयंपाक्याचे हात प्रवाशाच्या नजरेआड असतात, हे त्याचे एक कारण. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही तासांपासून तीनेक दिवस जातात. त्यामुळे दोन दिवसांच्या सहलीतील आजार पुष्कळदा घरी परतल्यावर उमटतो आणि दोष बहुधा शेवटी खाल्लेल्या पदार्थावर येतो.