वनरक्षक भरती : पात्रता, कागदपत्रे, मैदानी चाचणी आणि त्यामागचे रोजचे काम

ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली ही महाराष्ट्रातली सहा राष्ट्रीय उद्याने. तिथे नोकरी कशी मिळते, असे विचारणाऱ्या तरुणांना आधी एक गोष्ट सांगावी लागते. राष्ट्रीय उद्यानासाठी वेगळी भरती निघत नाही. वन विभागाच्या वनरक्षक भरतीतून निवड होते आणि पुढे नेमणूक साध्या प्रादेशिक जंगलात होऊ शकते किंवा वन्यजीव विभागात. वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र असते, त्यालाच सगळे बीट म्हणतात. काही बीट मिळून परिमंडळ होते, तिथे वनपाल असतो. त्याच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी, म्हणजे आरएफओ. आरएफओचे पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरतात आणि त्याला पदवी लागते. इथली माहिती वनरक्षकाच्या पदाची आहे.

2023 मध्ये या पदाच्या 2138 जागा निघाल्या होत्या. पुढच्या अटी त्या जाहिरातीतल्या आहेत. नवी जाहिरात आली की ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका.

पात्रता

वय 18 ते 27, मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. शिक्षणाची अट बारावी उत्तीर्ण अशी आहे, पण विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एक विषय बारावीला असायला हवा. इथेच बरेच जण गैरसमजातून मागे राहतात. ही नोकरी फक्त सायन्सवाल्यांची, असे गावोगावी बोलले जाते. ते खरे नाही. कला शाखेत भूगोल घेतलेली मुलगी पात्र आहे, अर्थशास्त्र घेऊन कॉमर्स केलेला मुलगाही पात्र आहे. बारावीची गुणपत्रिका काढून विषयांची नावे बघा, एवढेच करायचे आहे.

अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना आणि माजी सैनिकांना दहावी उत्तीर्ण पुरते. नक्षलवादी, वन्यप्राणी, तस्कर किंवा वणवा यांच्यामुळे मृत्यू पावलेल्या अथवा गंभीर जखमी झालेल्या वन कर्मचाऱ्यांच्या पाल्यांनाही हीच सवलत आहे. या शेवटच्या ओळीवरून नजर घसरू देऊ नका. ज्या नोकरीच्या जाहिरातीत असा प्रवर्ग ठेवावा लागतो, ती नोकरी काय आहे हे तिथेच कळते. 2021 च्या नोव्हेंबरात ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीचे सर्वेक्षण चालू असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या पायी चालत खुणा नोंदवत होत्या. बीटवरच्या कोणाचेही ते रोजचे काम आहे.

उंची पुरुषांना 163 सेंमी आणि महिलांना 150 सेंमी. अनुसूचित जमातीसाठी अनुक्रमे 152.5 आणि 145. पुरुषांची छाती न फुगवता 79 आणि फुगवून 84 सेंमी लागते. अर्धा सेंमी कमी पडला तरी मोजणाऱ्या समितीच्या हातात काही नसते, म्हणून फी भरण्याआधी घरी भिंतीला पाठ लावून, अनवाणी, नीट मोजून घ्या.

लहान कुटुंबाची अटही आहे. 28 मार्च 2006 नंतर झालेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो.

अर्ज आणि वनवृत्ताची निवड

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि दुवा वन विभागाच्या महाफॉरेस्ट संकेतस्थळावर मिळतो. राज्यात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, यवतमाळ, छत्रपती संभाजीनगर, धुळे, नाशिक, पुणे, ठाणे आणि कोल्हापूर अशी अकरा प्रादेशिक वनवृत्ते, म्हणजे वन विभागाने कारभारासाठी पाडलेले मोठे भाग आहेत. 2023 मध्ये शुल्क खुल्या प्रवर्गाला 1000 आणि मागास प्रवर्गांना 900 रुपये होते, माजी सैनिकांना ते माफ होते.

वनवृत्त निवडताना बहुतेक जण फक्त जागा किती आणि मागचा कटऑफ किती हे पाहतात. ते पाहावेच, पण पुढे नोकरी त्याच वृत्तात करायची आहे हे धरून निवड करा. गडचिरोलीचे जंगल आणि पुण्याचा डोंगर यांत कामाचा फार फरक पडतो. एकीकडे वाघ, हत्ती आणि दूरवरची गावे, तर दुसरीकडे अतिक्रमण, वणवे आणि उसात पिल्ले घालणारी बिबट्याची मादी.

अनुसूचित क्षेत्रातल्या जागा स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी असतात. त्यासाठी नुसता जमातीचा दाखला चालत नाही. स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात 26 जानेवारी 1950 पासून सलग राहत आले आहेत, याचा महसुली पुरावा लागतो. हा दाखला चार दिवसांत हाती पडत नाही, जाहिरातीची वाट न पाहता तयारीला लागा.

कागदपत्रे

दहावीचे प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी), बारावीची गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, आधार, फोटो, सही आणि लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र हे सगळ्यांनाच लागते. आरक्षण घेत असाल तर जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हवे, आर्थिक दुर्बल घटकाला त्याचा दाखला हवा. खेळाडूंनी आपले प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून आधीच पडताळून घ्यायचे असते. प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक आणि अनाथ यांना ज्याचे त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

उमेदवार बाद होतात ते बहुतेक वेळा तारखा आणि नावे यांच्यामुळे. नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेला वैध असले पाहिजे. नंतर काढलेले दाखवले तर पडताळणीच्या टेबलावर ते बाजूला ठेवले जाते. लग्न झालेल्या महिलांनी जास्त काळजी घ्यावी. जातीचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचा आणि दहावीचे प्रमाणपत्र पुन्हा माहेरचे, असे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र सोबत हवेच. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच, तेच स्पेलिंग ठेवून भरा.

परीक्षा

लेखी परीक्षा संगणकावर, 120 गुणांची. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी यांना प्रत्येकी 30 गुण. किमान 45 टक्के मिळाल्याशिवाय पुढे बोलावत नाहीत. सामान्य ज्ञानात जंगल, पर्यावरण, वन्यजीव आणि जिल्ह्याचा भूगोल येतो, म्हणून नुसत्या चालू घडामोडींवर भर देणे अंगलट येते.

त्यानंतर कागदपत्र पडताळणी, शारीरिक मोजमाप आणि 80 गुणांची धाव. पुरुषांना 5 किलोमीटर, महिलांना 3. वेळ जितका कमी तितके गुण जास्त. लेखी आणि धाव मिळून 200 गुणांवर यादी लागते. शेवटी चालण्याची चाचणी असते. पुरुषांनी 4 तासांत 25 किलोमीटर आणि महिलांनी 4 तासांत 16 किलोमीटर चालायचे. तिला गुण नाहीत, पण ती पूर्ण झाली नाही तर निवड जाते. गुण नाहीत म्हणून तिच्या तयारीकडे दुर्लक्ष होते. 25 किलोमीटर 4 तासांत म्हणजे ताशी सव्वासहा किलोमीटरचा वेग, मध्ये बसायला वेळ नाही. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. छातीत दुखणे, चक्कर, धाप असा काही त्रास असेल तर मैदानात उतरण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. लाजून गप्प बसू नका.

चालायला का लावतात

कारण नोकरीत तेच करायचे आहे. उजाडताच वनरक्षक वनमजुराला सोबत घेऊन बीटवर निघतो. व्याघ्र प्रकल्पात मोबाइलवर एम-स्ट्राइप्स अ‍ॅप चालू असते आणि पायी केलेली गस्त त्यात नोंदली जाते. नाल्याच्या रेतीत पगमार्क, म्हणजे पंजाचा ठसा दिसला की शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचा. विष्ठा, झाडावरचे ओरखडे, तोडलेले खुंट, तारेचे फास, सगळे नोंदवायचे. पाणवठ्यात पाणी आहे का पाहायचे, त्यात कोणी विष टाकलेले नाही ना हेही पाहायचे.

मग फोन येतो, वाघाने बैल मारला. गावात पोहोचेपर्यंत लोक जमलेले असतात आणि चिडलेलेही. मानेवरचे दातांचे व्रण, ओढत नेल्याची खूण, मालकाचा जबाब, पंचांच्या सह्या असा पंचनामा करायचा. नुकसानभरपाई त्या कागदावर ठरते, म्हणून संतापलेल्या माणसासमोर शांत राहून तो नीट लिहावा लागतो. परीक्षेत याचा एकही प्रश्न येत नाही, पण नोकरीत सगळ्यात जास्त कस इथे लागतो.

15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे, काढून तयार ठेवायच्या. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि आग डोंगरावर चढते. मग ब्लोअर आणि हिरव्या फांद्या घेऊन, कधी रात्रभर, ती विझवायची. सण, लग्नकार्य, सुट्टी हे सगळे या चार महिन्यांत मागे पडते. घरच्यांना हे अर्ज भरण्याआधीच सांगा.

निवड झाल्यावर

वैद्यकीय तपासणी आणि पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते, मग नियुक्तीचा आदेश मिळतो. वेतनश्रेणी एस-7, म्हणजे 21,700 ते 69,100 रुपये, शिवाय नियमाप्रमाणे भत्ते. प्रशिक्षणासाठी वन विभागाच्या प्रशिक्षण केंद्रात पाठवतात. भारतीय वन अधिनियम 1927 आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 यांची कलमे तिथे मन लावून शिका, कारण बीटवर पकडलेल्या गुन्ह्याचा पहिला कागद वनरक्षकच लिहितो आणि न्यायालयात खटला त्या कागदापासून उभा राहतो. पुढे सेवाज्येष्ठतेने वनपाल होता येते. नोकरीत राहून पदवी घेतली आणि वयाच्या अटीत बसत असाल, तर खात्याची परवानगी घेऊन आरएफओच्या परीक्षेलाही बसता येते.