सूनेस टॉटनहॅमकडून खेळलाच नाही?

एडिंबराचा फुटबॉलपटू, मिडफिल्डर ग्रॅम सूनेस लंडनच्या टॉटनहॅम क्लबच्या मुख्य संघातून एकदाही खेळला नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. लीगपुरतं खरं आहे, तिथे सामने शून्य. पण सप्टेंबर 1971मध्ये यूएफा कप या युरोपीय स्पर्धेत आइसलंडच्या केफ्लाविकविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला होता. टॉटनहॅमने 6-1 असा धुव्वा उडवला. तेवढाच एक सामना!

क्लबने त्याची गुणवत्ता ओळखलीच नाही असं म्हणतात, तेही अर्धसत्यच. प्रशिक्षक बिल निकल्सन यांच्या संघात जागा मिळेना आणि या पोराला दम निघेना. शेवटी सुमारे 30 हजार पौंडांत तो मिडल्सब्रो क्लबला गेला, 1974मध्ये त्यांच्याबरोबर दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद जिंकला. लिव्हरपूल क्लब त्याच्या वाट्याला आला तो थेट 1978मध्ये.