मर्सराइज्ड की साधा? उन्हाळी जाळीदार कार्डिगनचा सुती दोरा

“चकाकतोय म्हणजे त्यात नायलॉन असणार, घामाच्या दिवसांत नको बाई तो.” क्रोशाचा दोरा घ्यायला गेलं की हे हमखास कानावर पडतं. पहिलं उन्हाळी कार्डिगन विणायला घेतलं तेव्हा माझीही हीच समजूत होती. दोन गुंडे शेजारी शेजारी होते, दोन्हींवर ‘शंभर टक्के कॉटन’ छापलेलं होतं. मी चकाकणारा बाजूला सारला आणि मऊ, निस्तेज दिसणारा साधा दोरा घरी आणला.

कार्डिगन सुंदर झालं होतं. ३८० ग्रॅम दोरा, साडेतीन मिलिमीटरची सुई, पाठीवर अननसाची वीण, म्हणजे अननसाच्या आकाराची जाळीदार नक्षी. तीन धुण्यांनंतर मात्र कमरेपर्यंतचं कार्डिगन मांडीपर्यंत आलं, बाह्या बोटांवर लोंबायला लागल्या आणि अननसांची टोकं कुठे सुरू होतात, कुठे संपतात ते कळेना. दोष विणीचा नव्हता. दोरा आणि वीण यांची जोडी मी चुकीची लावली होती.

आधी चकाकीबद्दल. मर्सराइज्ड दोऱ्यात काहीही मिसळलेलं नसतं. तो निव्वळ कापूसच असतो, फक्त त्याच्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया केलेली असते. इंग्लंडमधल्या लँकेशायरचा जॉन मर्सर कापडछपाईच्या धंद्यातला माणूस. १८४४ मध्ये तो कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण सुती कापडातून गाळत होता, तेव्हा ते कापड आटून जाड आणि घट्ट झाल्याचं त्याच्या लक्षात आलं. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतलं. पण कापड जवळजवळ पाव हिश्शाने आटत होतं आणि एवढं नुकसान सोसायला गिरणीवाले तयार नव्हते. पुढे १८९० च्या सुमारास होरेस लो याने तोच सोडा वापरला, पण सूत ताणून धरून. ताणामुळे सूत आटलं नाही आणि त्याला रेशमासारखी झळाळी आली. मर्सर १८६६ मध्येच वारला होता. ज्या चकाकीला आज आपण त्याचं नाव देतो, ती त्याने कधी पाहिलीच नाही.

आत नेमकं काय घडतं, ते समजलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. कापसाचा तंतू बोंडात असताना गोल नळीसारखा असतो. बोंड फुटून तो वाळला की चपटा होतो आणि जागोजागी पीळ खातो, वाळलेल्या वालाच्या शेंगेसारखा. अशा वेड्यावाकड्या पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून साधं सूत निस्तेज दिसतं. सोड्यात तंतू फुगतो, पीळ सुटतो, तो पुन्हा गोल आणि सरळ होतो. गुळगुळीत गोलाईवरून उजेड एकसारखा परततो आणि आपल्याला चमक दिसते. त्याबरोबर तंतू मजबूत होतो आणि रंगही जास्त ओढून घेतो, म्हणून मर्सराइज्ड दोऱ्याचे गडद रंग इतके भरीव दिसतात. चांगल्या प्रतीचं सूत ज्योतीवरून झरझर नेऊन त्याची बारीक लवही जाळून टाकलेली असते.

आता घामाचा मुद्दा, कारण बहुतेकजणी चकाकणारा दोरा याच भीतीने नाकारतात. “मर्सराइज्ड घाम टिपत नाही” हे सरसकट खरं नाही. हवेतली दमटी धरून ठेवण्याची मर्सराइज्ड तंतूची क्षमता साध्या कापसापेक्षा उलट थोडी जास्तच असते. मग साध्या दोऱ्याचं हातपुसणं पाणी इतकं पटकन का टिपतं? त्याचं कारण सोडा नाही, कताई आहे. साधा दोरा बहुधा सैल पिळाचा आणि लव असलेला असतो, तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत पाणी साठतं. मर्सराइज्ड दोरा घट्ट पिळाचा असतो, त्यात तेवढी मोकळी जागा नसते. हातपुसण्यासाठी मी आजही डोळे मिटून साधा दोरा घेईन. पण जाळीदार कार्डिगन म्हणजे हातपुसणं नव्हे. त्यात दोऱ्यापेक्षा भोकं जास्त, आणि अंगाला गारवा देते ती त्या भोकांतून खेळणारी हवा. दोऱ्याचं काम ती भोकं उघडी ठेवणं हे आहे.

आणि तिथेच साधा दोरा कमी पडतो. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, ताणला की तो मागे येतो. कापूस, मग तो कुठलाही असो, ताणला की बराचसा तसाच राहतो. सैल पिळाच्या साध्या दोऱ्यात तंतू एकमेकांवरून सरकतातही. त्यातून जाळीच्या विणीत प्रत्येक टाका मोजक्याच ठिकाणी बांधलेला, बाकी मोकळा. वर कपड्याचं स्वतःचं वजन, पाण्यात भिजल्यावर त्याच्या दुप्पट ओझं. मग ते लोंबणार नाही तर काय होणार?

माझं पहिलं कार्डिगन जाडही होतं, त्यामुळे सगळा दोष साधेपणाच्या माथी मारणं मला पटेना. म्हणून मी दोन्ही प्रकारांतला साधारण एकाच जाडीचा दोरा घेऊन, एकाच सुईने, त्याच अननसाच्या विणीचे पंधरा सेंटिमीटरचे दोन चौकोन विणले. दोन्ही भिजवले, वरून चिमट्यांनी टांगले आणि खाली स्वयंपाकघरातलं शंभर ग्रॅमचं वजन रात्रभर अडकवून ठेवलं. सकाळी साधा चौकोन जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर लांबला होता, मर्सराइज्ड एक सेंटिमीटरच्याही आत. मग दोन्ही पुन्हा भिजवून सपाट वाळवले, तर साधा रुंदीत आखडून बसला. मर्सराइज्ड चौकोन बऱ्यापैकी मूळच्या मापावर आला, आणि त्याचा अननस अजून अननस दिसत होता. चाचणी घरगुती आहे, पण पस्तीस-चाळीस तास विणायला बसण्याआधी एका रात्रीची ही खटपट प्रत्येकीने करावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कार्डिगन मी बारीक मर्सराइज्ड दोऱ्याचं विणलं. तेच माप, वजन २३० ग्रॅम. तीन उन्हाळे झाले, बाही मनगटावरच थांबते.

तरी साधा दोरा उन्हाळ्यासाठी वाईट, असं मी म्हणणार नाही. कार्डिगन कुठे आणि कशावर घालणार, यावर पुष्कळ अवलंबून आहे. मर्सराइज्ड दोरा हाताला थंड लागतो, कारण त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग त्वचेला जास्त ठिकाणी टेकतो. पुणे, नगर, संभाजीनगरकडच्या कोरड्या उन्हात हा थंड स्पर्श फार सुखाचा असतो. पण हाच गुण मुंबई-रत्नागिरीच्या चिकचिकीत उलटतो. गुळगुळीत कपडा घामाने ओला झाला की अंगाला चिकटतो. साध्या दोऱ्याची लव ओल्या कापडाला त्वचेपासून जराशी दूर धरते. त्यामुळे किनारपट्टीवर, बिनबाह्यांच्या कपड्यावर उघड्या दंडांवर घालायचं असेल, तर बारीक साधा दोरा आणि सुटसुटीत चौकोनी जाळी ही जोडी मी सुचवेन. जाड साधा दोरा मात्र कुठेच नको. आणि एसी कार्यालयात खांद्यावर टाकायला कार्डिगन हवं असेल, तर मुंबईतसुद्धा मर्सराइज्डच घ्या. तिथे घामाचा प्रश्न नसतो, आणि ते खुर्चीच्या पाठीवर दिवसभर लटकणार असतं.

विणीचंही तसंच. अननस, शिंपले, पंखे, फुलांच्या चकत्या, जिथे प्रत्येक खांब, म्हणजे उभा उंच टाका, वेगळा उठून दिसायला हवा तिथे मर्सराइज्ड. साध्या दोऱ्याच्या लवेत खांब एकमेकांत मिसळून जातात. पण नुसती एक खांब, दोन साखळ्या, एक खांब अशी जाळी असेल, तर साध्या दोऱ्याचा मऊ धूसरपणा छान दिसतो. इथे एक गोष्ट आठवते. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये, क्लोनिससारख्या गावांतून, क्रोशाच्या लेसवर किती घरं तगली. ती नाजूक गुलाबपानं विणली गेली तेव्हा चकाकणारा दोरा बाजारात आलेलाच नव्हता. ते सूत मात्र अत्यंत बारीक आणि घट्ट कातलेलं होतं. म्हणून मी चकाकीपेक्षा पीळ आणि जाडी आधी बघते. घट्ट पिळाचा, बारीक साधा दोरा मिळाला तर तो लेससाठीही चालतो. आपल्याकडच्या दुकानांत तो सहज मिळत नाही, एवढंच.

दुकानात ओळखायचं कसं? लेबलवर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल, तर दोऱ्याचं टोक उजेडासमोर धरा. साध्याला भोवती बारीक लव दिसेल, मर्सराइज्डची कड स्वच्छ दिसेल. टोकाचा पीळ सोडा. साध्याचा लगेच कापसाचा पुंजका होतो, मर्सराइज्डच्या पदरांत पीळ टिकून राहतो.

खरी फसगत इथे होत नाही, चकाकणाऱ्या इतर दोऱ्यांत होते. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिएस्टरही चमकतात, आणि त्यांचं उन्हाळी कार्डिगन खरोखर गुदमरवतं. घरी आणून तुकडा जाळून पाहा. कापूस, साधा असो वा मर्सराइज्ड, कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख सोडतो. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिएस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यासारख्या वनस्पतीजन्य मालापासून कारखान्यात बनवलेला धागा, मात्र या परीक्षेत निसटतं, कारण तेही कापसासारखंच जळतं. ‘बांबू’ म्हणून विकला जाणारा बहुतेक दोरा व्हिस्कोसच असतो. त्यासाठी तुकडा ओला करून ओढा. कापूस ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, व्हिस्कोस ओलं झालं की फार दुबळं पडतं आणि पटकन तुटतं. ‘मिल्क कॉटन’ नावावर जाऊ नका, मागच्या बाजूला काय काय मिसळलंय ते वाचा.

विणताना दोन्ही दोरे वेगळ्या खोड्या करतात. साध्या सैल दोऱ्यात सुईचं टोक घुसतं आणि एक पदर मागे सुटतो, म्हणून त्याला गोल टोकाची सुई बरी. मर्सराइज्ड घसरतो. गुळगुळीत धातूच्या सुईवरून टाका सुटत असेल तर लाकडी किंवा बांबूची सुई घेऊन पाहा. त्याच्या गाठीही सुटतात. नुसती गाठ मारून टोक कापलं तर दोन धुण्यांत ते बाहेर डोकावणार. मी किमान दहा सेंटिमीटर टोक ठेवते आणि जाड नाकाच्या सुईने ते तीन वेळा दिशा बदलून ओवते. गडद लाल, निळा रंग असेल तर भिजवलेला दोरा पांढऱ्या फडक्यात दाबून रंग जातो का ते बघते. आणि एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, गुंडे लागतील त्यापेक्षा एक जास्तच घेते, कारण दुसऱ्या लॉटची छटा पाठीवर पट्ट्यासारखी उठून दिसते.

दोरा कुठलाही घेतला तरी खांदे बांधून घ्या. गळ्याच्या मागच्या कडेवर आणि खांद्यांच्या शिवणीवर आतल्या बाजूने मुक्या टाक्यांची, म्हणजे अगदी बुटक्या टाक्यांची, एक घट्ट ओळ विणली की सगळं वजन त्या ओळीवर पडतं आणि गळा पसरत नाही. पुढच्या पट्ट्या मुक्या, म्हणजे आखूड खांबांच्या, दाट विणायच्या. बटणं लाकडाची किंवा नारळाच्या करवंटीची, हलकी. खांद्यांना शिवण नसलेली, गळ्यापासून खाली गोल विणत जाणारी कार्डिगन झटपट होतात खरी, पण सुती दोऱ्यात मला ती पटत नाहीत, कारण तिथे वजन धरायला काहीच नसतं.

धुतल्यावर पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत, चटईवर सपाट पसरून, मापाला ओढून वाळवायचं. दांडीवर घातलेलं ओलं क्रोशाचं कार्डिगन एका दुपारीत बिघडतं, मर्सराइज्ड असलं तरी. कपाटातही हँगरला नाही, घडी घालून. रुमालांना आपल्याकडे खळ घालायची पद्धत होती, इथे ती नको. खळीने जाळी ताठ उभी राहते आणि अंगावर पडत नाही.

दोन्ही दोऱ्यांचे गुण एकत्र आणायचा मोह होतो. मीही तिसऱ्या कार्डिगनला अंग मर्सराइज्ड दोऱ्याचं विणलं आणि मानेला मऊ लागावा म्हणून गळा त्याच रंगाच्या साध्या दोऱ्याचा केला. पहिल्या धुण्यातच साधा दोरा आटला, मर्सराइज्ड आटला नाही, आणि गळ्याभोवती चुण्या पडल्या. गळा उसवला, उरलेल्या मर्सराइज्ड दोऱ्याने पुन्हा विणला. मानेला मऊ हवंच असेल, तर साध्या दोऱ्याचा चौकोन आधी धुऊन, किती आटतो ते मोजून, तेवढे टाके वाढवून गळा विणावा लागेल.