बेस कॅम्पला जाणं आणि एव्हरेस्ट चढणं

मे महिन्यात किंवा दिवाळीच्या मागेपुढे सोलापुरात एखाद्या चौकात फ्लेक्स झळकतो. मागं बर्फाचे डोंगर, अंगात फुगीर जाकीट, हातात तिरंगा आणि खाली 'एव्हरेस्टवीर' म्हणून हार्दिक अभिनंदन. जवळ जाऊन बारीक अक्षरं वाचली की कळतं, गडी एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत, म्हणजे शिखराच्या पायथ्याच्या तळापर्यंत जाऊन आलाय. बहुतेक वेळा यात त्याचा दोष नसतो. फ्लेक्स मित्रमंडळानं लावलेला असतो आणि मंडळाच्या हिशोबात एव्हरेस्ट म्हणजे एव्हरेस्ट. "काय बे, एव्हरेस्ट करून आलास म्हणं!" असं दहाजणांनी विचारल्यावर अकराव्याला समजावून सांगायचं त्राण कुणात उरत नाही.

पण या घोळाचा तोटा दोन्हीकडून होतो. रोज सकाळी सात-आठ किलोमीटर सहज चालणारी पन्नाशीची काकू "ते दोर, बर्फ, शिड्या आपल्याला कुठं जमणार" म्हणून ट्रेकचा विचारच सोडून देते. आणि बेस कॅम्प करून आलेला पंचविशीचा पोरगा "अर्धं एव्हरेस्ट तर झालंच" अशा थाटात पुढच्या वर्षी शिखराची चौकशी करायला लागतो. दोघांचंही गणित चुकलेलं असतं.

आधी उंची बघू. बेस कॅम्प 5364 मीटरवर आहे आणि शिखर 8848.86 मीटरवर. शिखराचा हा आकडा नेपाळ आणि चीननं 2020 मध्ये मिळून जाहीर केला. म्हणजे बेस कॅम्पपासून शिखर जवळजवळ साडेतीन किलोमीटर वर, तेही सरळ उभं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1646 मीटरचं. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी बेस कॅम्पवरून शिखर गाठायला पावणेदोनशे ते दोनशे मीटर कमीच पडतील. त्यामुळं समुद्रसपाटीपासूनच्या आकड्यात बेस कॅम्प निम्म्याच्या वर दिसत असला, तरी 'अर्धं झालं' हे कामाच्या हिशोबानं अजिबातच खरं नाही.

आणखी एक गंमत. बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. एव्हरेस्टचाच पश्चिम खांदा आणि शेजारचं नुप्त्से शिखर मध्ये आडवे येतात. शिखर नीट बघायचं तर बेस कॅम्पच्या अलीकडच्या गोरक्षेप या मुक्कामाहून पहाटे अंधारात निघून काला पत्थर नावाचा साडेपाच हजार मीटरच्या वरचा टेकाड चढावा लागतो. फ्लेक्सवर मागं जे देखणं, टोकदार शिखर असतं ते बऱ्याचदा आमा दब्लाम नाहीतर पुमोरी. एव्हरेस्ट त्या मानानं काळपट आणि बोजड दिसतं.

घोळ होतो तो वाट एकच असल्यामुळं. नेपाळच्या बाजूनं शिखराला जाणारेही काठमांडूहून विमानानं डोंगरातल्या लुक्लाला उतरतात, नामचे बाजार या त्याच गावात थांबतात, त्याच लॉजमध्ये डाळभात खातात आणि त्याच वाटेनं बेस कॅम्पला पोचतात. आठ-दहा दिवस दोघं एकाच ओळीत चालत असतात. ट्रेकर बेस कॅम्पला फोटो काढून त्याच दिवशी गोरक्षेपला झोपायला परततो. आरोहकाचा मुक्काम मात्र तिथं, खुंबू हिमनदीच्या सरकत्या बर्फावर ठोकलेल्या तंबूत, महिना-दीड महिना असतो. वसंतात तिथं तंबूंचं गाव वसतं. शरदात गेलात तर दगडगोटे, बर्फ आणि उंची रंगवलेला एक मोठा धोंडा, एवढंच.

ट्रेक म्हणजे नेमकं काय करायचं, तर चालायचं. लुक्लाची धावपट्टी सव्वापाचशे मीटरची आणि चक्क उतारावर बांधलेली, त्यामुळं पहिला थरार विमानातच आटोपतो. गर्दीच्या हंगामात बरीचशी विमानं काठमांडूऐवजी दूरच्या रामेछापहून सुटतात, म्हणून मध्यरात्रीच जीपमध्ये बसावं लागतं. पहिला मुक्काम बहुधा फाकदिंगला, म्हणजे लुक्लापेक्षा थोडं खालीच. दुसऱ्या दिवशी दूधकोशी नदीवरचा उंच झुलता पूल ओलांडून नामचेची दमछाक करणारी चढण. नामचे 3440 मीटरवर आहे. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून तिथं एक दिवस जास्तीचा थांबायचा. पण थांबायचं म्हणजे लोळायचं नाही. सकाळी तीन-चारशे मीटर वर चढून जायचं आणि झोपायला परत खाली यायचं. पुढं तेंगबोचेचा बौद्ध मठ, मग 4410 मीटरवरचं दिंगबोचे, तिथं पुन्हा असाच एक दिवस. मग लोबुचे, गोरक्षेप आणि बेस कॅम्प. जाऊन-येऊन सुमारे 130 किलोमीटर, बारा ते चौदा दिवस. दोर नाही, बर्फ फोडायची कुऱ्हाड नाही, बुटाला खिळे लावायची वेळ सहसा येत नाही. मुक्काम लॉजमध्ये. प्लायवूडच्या भिंतीच्या खोल्या, जेवणाच्या खोलीत मध्यभागी एकच शेगडी, तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या. संध्याकाळी सगळे मोजे तिच्याभोवती वाळत असतात, त्यामुळं वासाचं वर्णन करत नाही.

या वाटेवर गाईड काय करतो, असं लोक विचारतात, कारण वाट चुकण्यासारखी नाहीच. चांगला गाईड वाट दाखवण्यापेक्षा तुम्हाला दाबून ठेवायचं काम जास्त करतो. 'बिस्तारै, बिस्तारै' हे त्याचं पालुपद, म्हणजे हळूहळू. रात्री जेवताना ताटात किती उरलं ते तो बघतो, बोटाला ऑक्सिमीटर लावतो, सकाळी डोकं दुखतंय का विचारतो आणि तुम्ही 'नाही' म्हणालात तरी चेहऱ्याकडे बघत राहतो. समोरून ओझ्याची जनावरं आली की दरीच्या कडेला उभं राहू नका, डोंगराच्या अंगाला टेका, हे तो पहिल्याच दिवशी सांगतो. धक्क्यानं माणसं खाली गेलेली आहेत.

शिखराच्या चढाईत बेस कॅम्पच्या पुढं पहिल्याच तासाला खुंबू आइसफॉल लागतो. हिमनदी तिथं कड्यावरून कोसळावी तशी फुटते, घराएवढे बर्फाचे ठोकळे सुटे उभे असतात आणि मध्ये भेगा. भेगांवर ॲल्युमिनियमच्या शिड्या आडव्या टाकून, दोर बांधून वाट करतात ती शेर्पांची एक खास तुकडी. त्यांना आइसफॉल डॉक्टर म्हणतात. बर्फ घट्ट असतो म्हणून हा टप्पा रात्री नाहीतर भल्या पहाटे ओलांडायचा. 18 एप्रिल 2014 ला इथंच हिमकडा कोसळून 16 नेपाळी कामगार गेले. क्रॅम्पॉन म्हणजे बर्फात रुतणारे खिळे चढवलेले बूट शिडीच्या पायरीवर नेमके कुठं टेकवायचे, जुमार म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी मूठ दोरात अडकवून कशी सरकवायची, एक कॅराबिनर म्हणजे दोरात अडकवायची कडी सोडण्याआधी दुसरी कशी लावायची, हे सगळं मोजे घातलेल्या बधिर हातांनी, झोपेत उठवलं तरी जमलं पाहिजे. दोन आठवडे चालून हे अंगी येत नाही.

पुढं चार कॅम्प. चौथा साउथ कोल नावाच्या खिंडीत, साधारण 7900 मीटरच्या पुढं. शरीर तयार व्हावं म्हणून खालच्या कॅम्पांवर चढून परत बेसला यायचं, पुन्हा चढायचं. मग मे महिन्यात माथ्यावरचं जोराचं वारं उत्तरेला सरकतं आणि काही दिवसांची फट मिळते. तिच्यात रात्री साउथ कोलवरून निघायचं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. 8000 मीटरच्या वर शरीर सावरत नाही, फक्त झिजत जातं. ठरलेल्या वेळेत माथा आला नाही तर दोनशे मीटर उरलेले असतानाही मागं फिरायचं. हा निर्णय ज्याला घेता येतो त्यालाच गिर्यारोहक म्हणावं, असं माझं मत. 29 मे 1953 ला तेनझिंग आणि हिलरी वर पोचले, बचेंद्री पाल 1984 मध्ये, महाराष्ट्रातून सुरेंद्र चव्हाण 1998 मध्ये. या माणसांनी त्याआधी काही वर्षं डोंगरात घालवली होती.

पैशाचा फरक तर बोलायलाच नको. ट्रेकचे परवाने काही हजार नेपाळी रुपयांत होतात, त्यातही सार्क देशांतल्यांना राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क इतर परदेशींपेक्षा कमी. शिखराचा नुसता परवाना वसंतातल्या नेहमीच्या वाटेनं 11000 डॉलर होता, सप्टेंबर 2025 पासून तो 15000 डॉलर झाला. शेर्पा, ऑक्सिजन, अन्न, विमा धरून आकडा कित्येक लाख रुपयांत जातो. एवढा पैसा आणि एवढी प्रतिष्ठा पणाला लागली की लबाडीही येते. 2016 मध्ये पुण्यातल्या एका पोलीस दांपत्यानं शिखर गाठल्याचे बनावट फोटो दिल्याचं उघड झालं आणि नेपाळ सरकारनं त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. बेस कॅम्पला असलं कुणी करत नाही, तिथं प्रमाणपत्राची एवढी किंमतच नाही.

इथवर वाचून ट्रेक म्हणजे सहल असं वाटत असेल तर थांबा. एका बाबतीत दोन्ही सारखेच आहेत, ती म्हणजे विरळ हवा. सोलापूर सुमारे साडेचारशे मीटरवर. बेस कॅम्पला हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा मिळतो, माथ्यावर एक तृतीयांश. आरोहक या हवेत शरीराला आठवडेच्या आठवडे देतो आणि त्याच्याजवळ ऑक्सिजनची बाटली असते. ट्रेकर दिवस मोजून, सुट्टी मोजून येतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही सुरुवात. त्यावर 'पित्त झालं असंल' म्हणून गोळी घेऊन पुढं चढणं हा आपला आवडता उद्योग. आहे त्या उंचीवर थांबायचं, बरं वाटलं नाही तर उतरायचं, एवढं साधं आहे ते. बसल्याजागी धाप लागली, ओला खोकला सुरू झाला किंवा सरळ रेषेत पावलं पडेनात, माणूस प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच खाली न्यायचं. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठतंय याची ती खूण असते आणि त्यात काही तासांत माणूस जातो.

रोज पळणाऱ्या पोरांना हे पटत नाही. तंदुरुस्ती या आजारापासून वाचवत नाही, उलट दम आहे म्हणून ते भराभर चढतात आणि आधी आडवे होतात. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच काढायचा, हा नियम पाळणारी काकू या पोरांच्या आधी बेस कॅम्पला पोचते. गोळ्यांचं म्हणाल तर उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सबद्दल डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नको.

ट्रेकची तयारी सोलापुरात होते का? चालायची होते. कोजागरीला रात्रभर चालत तुळजापूरला जाणाऱ्यांना रोजचे दहा-पंधरा किलोमीटर नवे नाहीत. ते पंचेचाळीस किलोमीटर करतात, तेही अनेकजण अनवाणी. कमी पडते ती चढण. आपल्याकडं सगळं सपाट. त्यावर उपाय म्हणजे पाठीवर सहा-सात किलोची सॅक टाकून कुठल्याही चार-पाच मजली इमारतीचे जिने रोज तासभर, आणि महिन्यातून एकदा सिंहगड-राजगडाच्या बाजूला. उन्हाळ्यात हे पहाटेच उरका, दुपारी बेचाळीस डिग्रीत काटकपणा येत नाही, चक्कर येते. शिखराची तयारी मात्र इथं होत नाही. त्यासाठी उत्तरकाशीची नेहरू संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन संस्था इथला सुमारे महिनाभराचा पायाभूत कोर्स, मग पुढचा कोर्स, मग सहा हजारी, सात हजारी शिखरं.

या दोन्हींच्या मधली पायरीही आहे. दिंगबोचेजवळून फाटा घेऊन चुखुंगमार्गे आयलंड पीकला जातात. सहा हजार मीटरच्या थोडं वर. जाहिरातीत त्याला 'ट्रेकिंग पीक' म्हणतात म्हणून लोक फसतात. तिथं हार्नेस (दोराला जोडायचा कमरेचा पट्टा), जुमार, क्रॅम्पॉन सगळं लागतं आणि शेवटची बर्फाची भिंत दोरावरून चढायची असते. बेस कॅम्प व्यवस्थित झाला आणि हात शिवशिवतायत, तर कोर्स करून इथं जा. पहिल्याच खेपेला 'बेस कॅम्प अधिक आयलंड पीक' असं जोड-पॅकेज विकणाऱ्याकडं जरा संशयानंच बघा.

बेस कॅम्पचं बुकिंग करताना किंमत विचारण्याआधी नामचे आणि दिंगबोचेला जास्तीचा एकेक दिवस आहे का ते विचारा. दहा दिवसांत करून आणतो म्हणणारा स्वस्त पडत असला तरी तो तुमचे तेच दोन दिवस कापतोय. विम्यात उंचीवरून हेलिकॉप्टरनं खाली आणायचा खर्च धरलाय का, आणि तो किती मीटरपर्यंत, हे पॉलिसीत स्वतः वाचा. लुक्लाच्या विमानात माणशी साधारण पंधरा किलोच सामान चालतं, त्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची जागा आधी काढून ठेवा. चार हजार मीटरच्या वर भूक मरते आणि डाळभात बघून नको वाटतं, तेव्हा एवढंच उतरतं घशाखाली. आणि विमानानं नेपाळला जायला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. मतदार कार्डावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळतंय का ते घरीच तपासा.