ओव्हन स्वतःची सफाई करायला नकार देतो तेव्हा

सेल्फ-क्लीनचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली, दारातून 'कट्' असा आवाज आला आणि पुढे काहीच घडलं नाही. थोड्या वेळाने ओव्हन पुन्हा घड्याळ दाखवत बसला. कोड्यात पाडणारी गोष्ट ही की, त्याच ओव्हनमध्ये आदल्या दिवशी सगळं व्यवस्थित भाजून निघालं होतं. कॉइल तापते, दिवा लागतो, पंखा फिरतो. मग नेमकं हे एकच काम का अडावं?

कारण सफाई हे भाजण्यापेक्षा वेगळं आणि कितीतरी जोखमीचं काम आहे. ते सुरू करण्याआधी ओव्हन एकेक गोष्ट तपासतो: दार लागलंय का, कुलूप बसलंय का, तापमान नीट कळतंय का. यातली एकही खात्री पटली नाही की तो थांबतो. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे मुख्यतः एकाच प्रश्नाचा शोध असतो. ओव्हनची कुठली खात्री पटत नाहीये?

पण त्याही आधी आपल्या ओव्हनची सफाई कुठल्या जातीची आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावं. बरेचदा घोळ इथेच असतो. काही ओव्हन फक्त वाफेने साफ होतात. तळाशी थोडं पाणी ओतायचं, कमी आचेवर ते तापू द्यायचं आणि मऊ झालेला मळ हाताने पुसायचा. अशा ओव्हनमध्ये जुना, काळा पडलेला थर तसाच राहिला तर तो बिघाड नाही, त्या पद्धतीची ताकदच तेवढी आहे. काहींच्या आतल्या भिंतींवर उत्प्रेरकाचा, म्हणजे चरबी जळायला मदत करणाऱ्या पदार्थाचा, खरखरीत थर असतो. भाजताना उडालेली चरबी तो हळूहळू जाळत राहतो, त्यामुळे तिथे सफाईचं वेगळं चक्र नसतंही. तिसरी जात पायरोलिसिसची, म्हणजे प्रचंड उष्णतेने मळाची राख करण्याची, आणि रुसतो तो बहुतेक वेळा हाच ओव्हन. असा घरगुती ओव्हन १९६३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने बाजारात आणला.

पायरोलिसिसमध्ये काय होतं ते समजलं की पुढची सगळी तपासणी सोपी होते. भाजताना उडालेल्या चरबीचे रेणू उष्णतेने एकमेकांना जोडले जातात आणि भिंतीवर वार्निशसारखा कडक थर चढतो. २०० ते २५० अंश सेल्सिअसला तो आणखी घट्ट होत जातो, म्हणून रोजच्या वापराने तो कधीच जात नाही. पण तापमान ४८० अंशांच्या आसपास नेलं आणि दोन ते चार तास तिथेच ठेवलं, की त्या लांब साखळ्या तुटतात. उरलेला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वायुरूपात निघून जातो. मागे राहते चिमूटभर करडी राख. अन्नातले क्षार जळत नाहीत, ती राख त्यांचीच. आतल्या भिंती हे सोसतात, कारण पत्र्यावरचं इनॅमल म्हणजे मुळात काचच असते आणि ती ८०० अंशांच्या आसपास वितळवून पत्र्यावर बसवलेली असते.

४८० अंश म्हणजे किती, याचा अंदाज एका जुन्या निरीक्षणातून येतो. जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४७ मध्ये दाखवून दिलं की, तापवलेले घन पदार्थ साधारण ५२५ अंशांना अंधारात मंद लाल दिसू लागतात. म्हणजे सफाईच्या वेळी ओव्हनच्या भिंती लालबुंद होण्याच्या जेमतेम अलीकडे असतात. या तापमानाला स्वयंपाकाची तेलं ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतात. अशा वेळी कुणी दार उघडलं आणि आतल्या तप्त वाफांना एकदम ताजी हवा मिळाली, तर ज्वाला बाहेर झेपावू शकते. दाराच्या कुलपाबाबत ओव्हन इतका कडक का असतो, ते यावरून लक्षात यावं.

माझ्या मते तपासणीची सुरुवात या कुलपापासूनच करावी. कुलूप लावते एक छोटी, संथ फिरणारी मोटर. ती एक चकती फिरवते, चकती आकडा ओढते आणि आकडा दाराच्या खाचेत अडकतो. आकडा पूर्ण बसला की एक इवलासा मायक्रोस्विच दाबला जातो आणि कंट्रोल बोर्डाला, म्हणजे ओव्हनच्या मेंदूला, 'बंद झालं' असा संदेश मिळतो. हा संदेश आल्याशिवाय बोर्ड सफाईसाठी कॉइलला वीज देत नाही. शिवाय दार नुसतं टेकलंय की उघडं आहे, हे सांगणारा आणखी एक खटका चौकटीत असतो. बऱ्याच ओव्हनमध्ये आतला दिवाही त्याच खटक्यावर चालतो.

म्हणून कान देऊन ऐकणं फार उपयोगी पडतं. बटण दाबल्यावर मोटरची घरघर अजिबात आली नाही, तर मोटर गेली असेल किंवा दार बंद आहे हेच ओव्हनला कळत नसेल. दार लावूनही आतला दिवा जळतच राहिला, तर संशय दुसऱ्या शक्यतेवर घ्यावा. घरघर पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी दार मोकळंच राहतं, तेव्हा आकडा खाचेत पोहोचत नसतो. दार खरोखर अडकलंय, ओढून उघडत नाही, तरीही आत ऊब नाही, अशा वेळी आकड्याचं काम झालेलं असतं, फक्त त्याचा निरोप बोर्डापर्यंत गेलेला नसतो. हा दोष सहसा मायक्रोस्विचचा किंवा त्याच्या तारेचा निघतो.

आकडा पोहोचत नसेल तर मोटर बदलायची घाई करू नये. ओव्हनचं दार जड असतं, त्यात दोन-तीन, कधी चार काचा असतात. वर्षानुवर्षं उघडझाप होऊन बिजागऱ्या खचतात आणि दार दोन-तीन मिलिमीटर खाली येतं. तेवढा फरकही पुरतो. पाहायची पद्धत साधी आहे: ओव्हन थंड असताना सफाई सुरू करावी आणि कुलूप लागत असताना दार तळहाताने हलकेच आत दाबून धरावं. आता कुलूप बसलं, तर दोष बिजागरीत आहे, किंवा दाराभोवतीच्या गॅस्केटमध्ये, म्हणजे फट बंद करणाऱ्या पट्टीत, काहीतरी अडकलंय. हे गॅस्केट बहुधा काचतंतूंचं विणलेलं असतं. ते घासू नये, भिजवू नये; त्याची वीण चपटी झाली की उष्णता तिथूनच निसटते.

कुलूप व्यवस्थित लागलं, ऊबही आली, पण चक्र मध्येच तुटलं, तर पुढचा संशयित तापमानाचा सेन्सर. ओव्हनच्या मागच्या भिंतीतून आत डोकावणारी पेन्सिलीएवढी बारीक नळी म्हणजे तोच. त्यात बहुधा प्लॅटिनम असतं, कारण तापमान वाढेल तसा प्लॅटिनमचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अगदी नियमाने वाढत जातो. एका प्रचलित प्रकारात शून्य अंशाला तो १००० ओहम असतो, २५ अंशांना सुमारे १०९७ आणि ४८० अंशांना २७४० च्या आसपास. वीज पूर्ण तोडून, सेन्सरचा जोड सोडवून रोध मोजणारा मल्टिमीटर लावला की खोलीच्या तापमानाचा आकडा लगेच पडताळता येतो. काही ओव्हनमध्ये ५०० ओहमचा सेन्सर असतो, तिथे सगळे आकडे साधारण निम्मे येतील.

इथे एक बारीक खोच आहे. जोड गंजून ५० ओहमचा जास्तीचा रोध आला, तर बोर्डाला ओव्हन प्रत्यक्षापेक्षा १३ ते १५ अंशांनी गरम वाटतो. रोजच्या भाजण्यात एवढा फरक जाणवतही नाही. पण सफाईत ओव्हन तापमानाच्या वरच्या मर्यादेजवळ काम करत असतो. तिथे सेन्सरची तार तापून क्षणभर जरी सुटली, तरी बोर्ड तो धोका समजून चक्र बंद करतो. थंड असताना अगदी शहाणा वागणारा सेन्सर तापल्यावरच दगा देतो, आणि म्हणूनच हा दोष पटकन सापडत नाही. पडद्यावर आलेला बिघाडाचा संकेत लिहून ठेवावा. संकेतांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे तो आपल्याच मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावा.

चक्र पूर्ण होतं, पण मळ तसाच राहतो, असाही प्रकार असतो. तिथे उष्णता कमी पडलेली असते. तापलेल्या वस्तूतून किरणांच्या रूपाने उष्णता बाहेर पडते, तिला प्रारण म्हणतात; तिचं प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घातानुसार वाढतं. २३० अंशांच्या तुलनेत ४८० अंशांना भिंती सुमारे पाचपट प्रारण करतात, आणि त्या प्रमाणात उष्णता बाहेर पळायलाही बघते. वरची किंवा खालची एखादी कॉइल मेली असेल, तर भाजणं कसंबसं उरकतं, पण सफाईची उंची गाठली जात नाही. विजेचा दाब (व्होल्टेज) उतरला तरी तेच होतं. दाब १० टक्क्यांनी घसरला की कॉइलची ताकद १९ टक्क्यांनी घटते, कारण ताकद दाबाच्या वर्गावर अवलंबून असते.

किरकोळ कारणंही आहेत, आणि ती आधीच पाहून टाकलेली बरी: वीज जाऊन आल्यावर घड्याळ लावलेलं नसणं, चाइल्ड लॉक चालू असणं, उशिरा सुरू होण्याची वेळ चुकून भरलेली असणं, अन्नात खोचायचा तापमापक आतल्या जोडात तसाच राहिलेला असणं. ब्रेकर पाच मिनिटं बंद ठेवून पुन्हा चालू केला की बोर्डाची अडकलेली स्थिती कधीकधी सुटते.

थर्मल फ्यूजबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचं आहे. ओव्हनच्या बाहेरच्या बाजूला, पत्र्याच्या आड बसवलेला हा छोटा भाग ठरावीक तापमानापलीकडे गेला की वीज तोडतो. काही प्रकार बटण दाबून पूर्ववत करता येतात, काही एकदाच उडतात आणि बदलावेच लागतात. सफाईनंतर ओव्हन संपूर्ण मुका झाला, तर बहुतेकदा हाच उडालेला असतो. तो तारेने जोडून ओव्हन चालू करायचा मोह कुणीही होऊ देऊ नये. तो उडाला याचा अर्थ तिथे जास्त उष्णता पोहोचली होती, आणि त्याचं कारण थंडावा देणारा पंखा बंद पडणं किंवा हवेची वाट तुंबणं हे असू शकतं. कारण न शोधता फ्यूज बदलला, तर नवाही उडेल. अशा कामाला प्रशिक्षित माणूसच बोलवावा.

चक्र मध्येच तुटलं आणि दार अडकून बसलं, तर ते हिसकू नये. आतलं तापमान पुरेसं उतरल्याशिवाय कुलूप सुटत नाही, आणि त्याला एखाद-दोन तास सहज लागतात. पूर्ण थंड होऊनही सुटलं नाही, तर वीज बंद-चालू करून मोटरला परत फिरायची संधी द्यावी. आत ज्वाळा दिसल्या तर दार बंदच ठेवावं आणि वीज तोडावी, म्हणजे ऑक्सिजन संपून आग आपोआप विझते.

सफाई पुन्हा सुरू झाली की पहिल्या वेळी आतला सैल मळ आणि साचलेली चरबी आधी ओल्या फडक्याने काढून टाकावी. नाहीतर धूर फार होतो, आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडही असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. क्रोमच्या जाळ्या बाहेर काढाव्यात, त्यांची चकाकी जाते. नॉनस्टिकचं एकही भांडं आत राहू देऊ नये. त्याच्या लेपातून तापल्यावर निघणारे वायू पाळीव पक्ष्यांचा जीव घेतात, म्हणून घरात पक्षी असेल तर त्याचा पिंजरा सफाईपुरता दुसऱ्या घरी ठेवावा. दुरुस्ती लांबली, तर तोवर खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट रात्रभर लावून सकाळी पुसून घ्यावी. सोड्याचा सौम्य अल्कली चरबीला हळूहळू सैल करतो. ती कॉइलवर आणि गॅस्केटवर लागू देऊ नये, आणि पुढच्या सफाईआधी तिचा पांढरा अंश पाण्याने पूर्ण काढावा.