चित्र उत्तम, मात्रा किती?

एक्स-रे फिल्मवर काढला जात असे त्या काळात किरणांच्या मात्रेची चूक तिथल्या तिथे उघडी पडे. किरण जास्त झाले तर फिल्म काळीकुट्ट येई, कमी पडले तर ती पांढरट राही आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागे. आता रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या गावांतही डिजिटल यंत्रे पोहोचली आहेत आणि चूक ओळखण्याची ही सोय संपली आहे. गरजेच्या तिप्पट-चौपट किरण पडले तरी संगणक उजेड-अंधाराचे प्रमाण सावरून घेतो आणि डॉक्टरांसमोर नितळ चित्र येते. किरण कमी पडले तर मात्र चित्र दाणेदार दिसते आणि तक्रार होते. तक्रार नेहमी एकाच बाजूची असल्यामुळे तंत्रज्ञ हळूहळू थोडी जास्त मात्रा देऊ लागतात, आणि त्यात कोणाचा हेतू वाईट नसतो. डोळ्यांना न दिसणारी ही वाढ मोजून दाखवणे हे क्ष-किरण विभागातील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाचे पहिले काम आहे.

त्यासाठी डिजिटल यंत्रातच एक साधन असते. बहुतेक नव्या यंत्रांत प्रत्येक चित्रासोबत एक विचलनांक नोंदला जातो. तो शून्य असेल तर शोधकावर, म्हणजे फिल्मच्या जागी किरण टिपणाऱ्या पाटीवर, ठरवलेल्या प्रमाणात किरण पोहोचले, अधिक ३ असेल तर दुप्पट आणि उणे ३ असेल तर निम्मे. एकाच चित्राच्या आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, कारण रुग्ण नीट उभा नसला किंवा चित्राची चौकट चुकली तरी तो हलतो. पण महिनाभराच्या छातीच्या एक्स-रेंचे आकडे एकत्र मांडले आणि ते अधिक ४-५ च्या आसपास घोटाळताना दिसले, तर त्या विभागात अडीच ते तीनपट मात्रा दिली जात आहे हे उघड होते.

यात घाबरण्यासारखे किती आहे, हेही आकड्यांतच सांगायला हवे. छातीच्या एका एक्स-रेची प्रभावी मात्रा, म्हणजे सबंध शरीराच्या जोखमीच्या हिशेबाने काढलेली मात्रा, सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (हे तिचे एकक) असते, तर माती, खडक, हवा, अन्न आणि अवकाशातून येणाऱ्या नैसर्गिक प्रारणाची (रेडिएशनची) जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट आहे. म्हणजे एक एक्स-रे हा नुसत्या जगण्यातल्या तीनेक दिवसांच्या प्रारणाइतका झाला. तो तिप्पट झाला म्हणून एका रुग्णाने झोप उडवून घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. पोटाच्या सीटी स्कॅनची गोष्ट वेगळी आहे. तिथे मात्रा ८ ते १० मिलिसिव्हर्टपर्यंत जाते आणि मोठ्या माणसासाठी बेतलेली मांडणी तशीच लहान मुलाला लावली, तर मुलाच्या बारीक शरीरातील अवयवांना ती आणखी जास्त मिळते. दुसऱ्या बाजूने, मात्रा एक चतुर्थांश केली की चित्रातला गोंगाट, म्हणजे दाणेदारपणा, दुप्पट होतो आणि लहानशी गाठ त्यात हरवू शकते. म्हणून सीटीच्या बाबतीत प्रश्न ‘कमीत कमी किती’ असा विचारून भागत नाही. डॉक्टरांना नेमके काय शोधायचे आहे ते आधी विचारावे लागते.

हे सारे ज्या मापकाने मोजायचे, तो कोकणात थोडा त्रास देतो. सीटीची मात्रा मोजताना ॲक्रिलिकच्या दंडगोलात पेन्सिलीएवढा आयनीकरण कक्ष घालतात. डोक्यासाठी दंडगोल १६ सेंटिमीटर व्यासाचा, धडासाठी ३२ सेंटिमीटरचा. कक्षातल्या हवेत क्ष-किरणांमुळे विद्युतभार सुटतात आणि ते मोजून मात्रा काढली जाते. पण कक्ष बाहेरच्या हवेला खुला असतो. हवा तापली की विरळ होते, तितक्याच जागेत रेणू कमी राहतात आणि वाचन कमी येते. प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस धरले, तर एसी बंद पडलेल्या ३२ अंशांच्या खोलीत वाचन सुमारे ४ टक्क्यांनी घटते. तोच कक्ष घेऊन सावंतवाडीहून आंबोली घाट चढून कोल्हापूरला गेले, तर तिथे हवेचा दाबही सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो. दोन्ही दुरुस्त्या विसरणाऱ्याला मात्रा खऱ्यापेक्षा दहाव्या हिश्श्याने कमी दिसेल. पावसाळ्यातील दमटपणाचा या गणितावर फारसा परिणाम होत नाही, पण केबलच्या जोडावर ओल धरली की मोजायच्या इवल्याशा विद्युतप्रवाहात गळतीचा प्रवाह मिसळतो. डिजिटल शोधकातील सीझियम आयोडाइडचा थरही ओल शोषणारा असतो. त्याला हवाबंद ठेवलेले असते. तरीही ‘खोलीत रुग्ण नाही, मग एसी कशाला’ ही काटकसर समुद्रकाठी महागात पडू शकते.

भिंतींचा हिशेब तर खास इथलाच. एक्स-रे खोलीचा आराखडा विटेच्या किंवा काँक्रीटच्या जाडीत मांडलेला असतो, कारण त्यांचे तक्ते तयार मिळतात. आपल्याकडच्या अनेक जुन्या इमारती जांभ्याच्या चिऱ्यांच्या आहेत. जांभ्यात लोह भरपूर असते आणि लोहाचा अणुक्रमांक २६, म्हणजे सिलिकॉन व कॅल्शियमपेक्षा जास्त असल्यामुळे ते क्ष-किरण चांगले अडवते. पण चिरा सच्छिद्र असतो, त्याची घनता खाणीखाणीत बदलते आणि दोन चिऱ्यांमधील सांधा नेहमी नीट भरलेला असतोच असे नाही. म्हणून कागदावरच्या जाडीवर विसंबता येत नाही. रुग्णाच्या जागी पाण्याचे भांडे ठेवून किरण सोडायचे आणि पलीकडे मापक धरून सांधे, दाराची चौकट, एसीच्या नळीसाठी पाडलेले भोक, सारे तपासायचे. उभ्याने छातीचा एक्स-रे काढतात त्या भिंतीवर थेट झोत पडतो, तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. मिळालेल्या वाचनाला आठवड्याच्या कामाच्या भाराने आणि वर्षातल्या आठवड्यांनी गुणले की भिंतीपलीकडच्या बाकावर रोज बसणाऱ्याला वर्षभरात किती मिळेल ते कळते. सर्वसामान्य माणसासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी २० आणि कोणत्याही एका वर्षात ३०. यंत्र बंद झाल्यावर खोलीत किरण ‘साठून’ राहत नाहीत, हेही बाकावर बसणाऱ्यांना सांगावे लागते.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे भाभा अणु संशोधन केंद्राची रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका घेतलेले बहुतेक जण कर्करोगाच्या किरणोपचारात जातात, कारण तिथे भौतिकतज्ज्ञाशिवाय काम चालवताच येत नाही. निदानाच्या एक्स-रे यंत्रांची गुणवत्ता तपासणी साधारण दोन वर्षांतून एकदा होते आणि लहान रुग्णालयांत मधल्या काळात पाहणारे कोणी नसते. खाऱ्या, दमट हवेत हा काळ मला फार मोठा वाटतो. तीन-चार रुग्णालयांनी मिळून एक भौतिकतज्ज्ञ नेमणे अशक्य नाही.

त्याची गरज सर्वांत जास्त भासते ती एका प्रसंगी. एखाद्या बाईचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन होतो आणि नंतर कळते की ती गरोदर होती. घरचे घाबरतात, कधी कधी गर्भपाताची भाषाही सुरू होते. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाच्या मते गर्भाला मिळालेली मात्रा १०० मिलिग्रेपेक्षा (शरीरात शोषल्या गेलेल्या मात्रेचे हे एकक) कमी असेल, तर केवळ प्रारणाच्या कारणावरून गर्भपात करणे समर्थनीय नाही. छातीच्या एक्स-रेत गर्भाला ०.०१ मिलिग्रेही मिळत नाही. ओटीपोटाच्या सीटीत ती मात्रा सरासरी २५ मिलिग्रेच्या आसपास असते, तरीही मर्यादेच्या बरीच आत. नेमका आकडा काढायला यंत्राचा व्होल्टेज, तसेच प्रवाह व वेळ या दोहोंचा गुणाकार, अंतर, शरीराची जाडी आणि यंत्राचे अलीकडे मोजलेले उत्सर्जन लागते. या नोंदी रुग्णालयात असतील तर भौतिकतज्ज्ञ त्याच दिवशी डॉक्टरांच्या हाती लेखी आकडा देऊ शकतो, आणि पुढचे बोलणे त्या आकड्यावर होते.